नेव्हिलच्या बंदुकीसाठी साचा

कर्राबिन, व्हिक्टोरिया
रविवार, दुपार

प्रिय नेव्हिल,

तुझं कार्ड येऊन दोन महिने होत आले. तू लिहिलंस, "ग्लेनिस, माझी मार्टिनी रायफल विकून टाक. जेनिननं मागच्या अंगणात माझ्यासाठी खोली बांधली आहे. गुडघा बरा आहे, पण आता पर्थ सोडून परत यायचं काही दिसत नाही. घरही सप्टेंबरात विकायला काढतो." पुढे हवेबद्दल दोन ओळी, आणि खाली सही, "तुझा मित्र, नेव्हिल हार्टनेल". आडनाव कशासाठी रे? कर्राबिनमध्ये दुसरा नेव्हिल आहे कोण? एक होता, पण तो ट्रेव्हरचा बोकड होता आणि तोही गेला. असो. बंदूक विकायचं काम तू माझ्यावर सोपवलंस, मी ते अंगावर घेतलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायला आज बसले आहे. लांबण लागणार. चहा करून घे, गुडघा स्टुलावर ठेव, आणि जेनिनला सांग की तासभर बाबांना हाक मारू नकोस. ती गुणाची पोर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. बेंडिगोचा पॅस्को, विटांच्या धंद्यातला, जुन्या लष्करी रायफलींचा वेडा. डूगलनं आपल्या नेमबाजी क्लबातलं लोखंडी कपाट उघडून त्याला तुझी मार्टिनी दाखवली. त्यानं ती हातात घेतली, नळीत डोकावला, दस्त्यावरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खाते काय ही?" मी म्हटलं, "अजून तरी काही नाही. उपाशीच आहे." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याला सगळं सांगावं लागलं, की या बंदुकीच्या मालकानं ती आणल्यापासून तिच्यातून एकही गोळी झाडलेली नाही, कारण गोळ्या ओतायचा साचा कोणता घ्यावा हे त्याचं अजून ठरायचं आहे. पॅस्को म्हणाला, "बाई, हिच्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. नळीला बसणारा साचा असेल तर ही बंदूक, नाहीतर भिंतीवरची शोभा. शोभेला मी पैसे देत नाही. साचा करून घ्या, मग मी येतो." आणि तो गेला.

तुला आठवतं ना, ती आली कशी? हॉपगुडांच्या शेतावरचा लिलाव. म्हातारा गेला आणि पोरांनी नांगरापासून चमच्यांपर्यंत सगळं गवतावर मांडलं. तुझ्या शर्लीला जाऊन वर्ष झालं होतं, तू घरात बसून पडद्यांशी बोलायला लागला होतास, म्हणून मीच तुला ओढून नेलं. मी गेले होते मुरांब्याच्या बरण्यांसाठी आणि तू तारेच्या भेंडोळ्यासाठी. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून म्हाताऱ्यानं जी बंदूक टेकवून ठेवली होती, ती तू उचललीस आणि डाव्या हातानं तिचा खालचा दांडा ओढलास. तुझा चेहरा असा उजळला की मी बरण्या खाली ठेवल्या. क्लबातल्या सगळ्या रायफलींचा, गोळी भरताना ओढायचा बोल्ट उजव्या अंगाला. जन्मभर तू दुसऱ्याचे बूट घालून चालावं तसा नेम धरत आलास. हिचा दांडा मात्र मधोमध, खाली. डावं-उजवं हिला सारखंच. तू म्हणालास, "ग्लेनिस, हिला मी चालतो." शर्ली गेल्यापासून तुझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य होतं.

त्यानंतर तीन वर्षं तू साचा निवडत होतास. मुलगी बघायला गेलेल्या खाष्ट आत्याबाईनंही इतक्या खोडी काढल्या नसत्या. एका साच्याची गोळी जड, दुसऱ्याचं नाक चपटं, तिसरा बनवणारा फोनवर उर्मट बोलला. दर शनिवारी तू नवं माप घेऊन यायचास आणि ते मागच्या शनिवारच्या मापाशी जुळायचं नाही. मोजायच्या कॅलिपरला नावं ठेवलीस, नवा घेतलास, मग त्याहून नवा. माणसं किती वेगवेगळी असतात बघ. माझा नवरा रेग नळदुरुस्तीवाल्याची बायको आणि आमची कॅरॅव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला गेला, त्याला निवड करायला एक दुपार पुरली. आणि तू? तो रविवार आठवतो? जेवणं झाली होती, मी भांडी घासत होते, तू पुसत होतास. तू एकदम थांबलास, घसा खाकरलास, फडका खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "ग्लेनिस, बरेच दिवस एक विचारायचं मनात आहे." मी नळ बंद केला. तू म्हणालास, "पितळी घेऊ की बिडाचा?" मी नळ परत सोडला.

तर पॅस्को गेल्यावर मी क्लबात सगळ्यांसमोर जाहीर केलं, की नेव्हिलला तीन वर्षांत जमलं नाही ते मी या महिन्यात करून दाखवते. मर्व्ह हसला. ट्रेव्हरनं पैज लावायची तयारी दाखवली. डूगलनं, कप्तान म्हणून, परवानगी दिली. तुझी पद्धत मला पाठ होतीच: नळीत तेल सोडायचं, मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ढोसत न्यायचा, बाहेर पडलेल्या गोळ्यावर नळीच्या आतल्या पिळाचा ठसा उमटतो, तो मोजायचा. गोळा छान निघाला. मर्व्हनं मोजला आणि एक आकडा सांगितला. ट्रेव्हरनं मोजला, त्याचा आकडा दोन केसांनी मोठा. मर्व्हनं परत मोजला, तर त्याचाच आकडा एका केसानं लहान. मग अशी जुंपली म्हणून सांगू! ट्रेव्हर म्हणे, "शिसं मऊ असतं रे, तू ते रेड्यासारखं आवळलंस!" मर्व्ह म्हणे, "मी आवळलं? माझा कॅलिपर जर्मन आहे!" "कॅलिपर जर्मन असेल, हात तर इथलाच आहे ना, मेंढ्या पकडायचा!" डूगल चाळीस वर्षं पोलिसात होता, पण त्यालाही आवरेना. शेवटी त्यानं दोघांना बाहेर सॉसेज भाजायला पिटाळलं, आणि तिथेही कांदा आधी की सॉसेज आधी यावरून ते भांडत राहिले.

मी चहा घेऊन तो शिशाचा गोळा बोटांत फिरवत बसले. वाटलं, तीन वर्षं हा माणूस वेडा ठरला, आज हे दोघेही ठरले, म्हणजे खोट माणसांत नाही, या गोळ्यातच काहीतरी आहे. म्हणून त्याच्यावरचे उंचवटे मोजले. सात. पुन्हा मोजले. सातच. नेव्हिल, सात! सात माणसं गोल टेबलाभोवती बसवली तर कोणाच्याही नेमकं समोर कोणी येत नाही, दोघांच्या मधली फट येते. कॅलिपरचा एक ओठ उंचवट्यावर बसला की दुसरा समोरच्या खळग्यात जाणार. जरा फिरवलं की माप वेगळं. तुझा हात खरा होता, तुझे तिन्ही कॅलिपर खरे होते, आणि माप मात्र दर शनिवारी खोटं. मी एकटीच हसत सुटले. डूगलला वाटलं भांडणाचा माझ्यावर परिणाम झाला.

मग मी ट्रेव्हरच्या हातातला बिअरचा रिकामा डबा घेतला (रिकामा नव्हता, केला), त्याची अरुंद पट्टी कापली, गोळ्याभोवती एकच वेढा घट्ट बसवला, वरून मोजलं आणि पत्र्याची जाडी दोनदा वजा केली. मर्व्हनं मोजलं. ट्रेव्हरनं मोजलं. डूगलनं चष्मा पुसून मोजलं. सगळ्यांचा आकडा एक. आपल्या क्लबात एवढं एकमत मी कधीच पाहिलं नव्हतं, बिअरवरूनसुद्धा नाही. ती पट्टी मी टाकली नाही, खिडकीत ठेवली आहे.

माप मिळालं, पण निवड कुठे झाली होती? साचा कशाचा घ्यायचा यावर पुढचे दोन शनिवार गेले. मर्व्ह बिडाच्या बाजूचा. "बीड म्हणजे बीड. नातवंडं वापरतील." मी म्हटलं, "तुझी नातवंडं स्वतःच्या बुटांची नाडी बांधत नाहीत, गोळ्या काय ओततात!" ट्रेव्हर पितळेसाठी हटून बसला, कारण पितळ एकदा तापलं की तापलेलंच राहतं आणि गोळ्या चकचकीत पडतात. त्याचा पितळी साचा मी हातात धरून बघितला. गोळी सुरेख, पण थोड्या वेळानं मनगट भरून आलं. तेव्हा मी ठरवलं, अॅल्युमिनियमचा, एका वेळी एकच गोळी पडणारा, लांब लाकडी मुठीचा. हलका हवा. दुसरा वाद कागदाचा. जुने शिपाई गुळगुळीत गोळीला कागद गुंडाळायचे, म्हणून मर्व्हला तसाच साचा हवा होता. मी म्हटलं, मुळीच नाही, चरबी भरायच्या खाचा असलेली गोळी घ्या. ज्याची बोटं सकाळी आखडतात त्यानं पातळ कागद गुंडाळत बसायचं का? मर्व्हनं माझ्याकडे बघितलं. "पॅस्कोची बोटं आखडतात?" मी म्हटलं, "या वयात कोणाची आखडत नाहीत?" पॅस्को अजून पन्नाशीचाही नाही, हे मला नंतर सुचलं.

साचा करणारा बरोसा खोऱ्यातला म्हातारा श्यूल्त्झ. त्याच्याकडे लोक वर्षभर थांबतात, पण कोणीतरी मागणी रद्द केली होती म्हणून त्यानं मला मध्येच घुसवलं. फोनवर आधीच बजावलं, "बाई, मापानं केलेला साचा मी परत घेत नाही. नीट विचार करून बोला." त्यानं नळीचं माप विचारलं, गोळीचं वजन विचारलं, शिशात कथील किती घालणार ते विचारलं, आणि मग ओतणाऱ्याबद्दल दोन-चार प्रश्न. मी त्या वेळी स्कोनचं पीठ मळत होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये. मी पटापट उत्तरं देत गेले. एकदाही अडखळले नाही, याचा मला अभिमान वाटला होता.

साचा गेल्या गुरुवारी आला. काल पॅस्कोला बोलावलं. येताना तो बंदूक नावावर करायचे कागद, परवानगी, सगळं तयार करून घेऊन आला. थंडी अशी होती की मैदानावरचे गुलाबी काकाकुवासुद्धा गप्प होते, म्हणून झाडून सगळे शेडमध्ये भट्टीभोवती उभे. मी शिसं वितळवून ठेवलं होतं. पॅस्कोनं साचा हातात घेतला, उघडला, मिटला, "वा, वा" म्हणाला. डाव्या हातात साचा धरला, उजव्या हातानं पळीनं शिसं ओतलं, थिजू दिलं, आणि तोंडावरची फिरती पट्टी बाजूला सारायला लाकडी हातोडी मारली. पट्टी ढिम्म. परत मारली. ढिम्म. ट्रेव्हर म्हणाला, "अरे, तिचा कान त्या बाजूला आहे, तिकडून मार." तिकडून मारायला पॅस्कोनं हात असा वळवला की आपण लग्नात नाचतो आहोत की काय असं त्याचं त्यालाच वाटलं असावं. "उलटी बसवलीय की काय ही पट्टी?" तो म्हणाला. मर्व्हनं साचा त्याच्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, सावकाश निरखला आणि म्हणाला, "उलटी नाही. बरोबर आहे. साचा डावखुऱ्याचा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. श्यूल्त्झनं विचारलं होतं, "ओतणाऱ्याचा हात कसा, उजवा की डावा?" आणि मी पीठ मळता मळता म्हटलं होतं, "डावा." मनगट कसं? दुखरं. बोटं? सकाळी आखडतात. एकेक उत्तर पाठ होतं मला. ट्रेव्हर म्हणाला, "पण क्लबात डावखुरा एकच आहे, आणि तो तर..." डूगलनं त्याच्या पायावर पाय दिला. माझं तोंड लाल झालं. मी ते भट्टीवर ढकललं, पण कोणी ढकलू दिलं नाही. मर्व्ह इतका हसला की त्याला बादली उलटी करून बसावं लागलं.

पॅस्को सभ्य माणूस. तो म्हणाला, "साचा राहू द्या तुमच्याकडे. माप बरोबर आहे ना, मी त्याच मापाचा दुसरा करून घेईन. बंदूक मला पसंत आहे, कागद आणलेत, आजच नेतो." झालं, नेव्हिल. याहून सोपं काय असणार होतं? तू सांगितलंस ते काम पुरं होत होतं. डूगल किल्ली घेऊन कपाटापाशी गेला आणि वळून मला म्हणाला, "काय ग्लेनिस, उघडू?" पोलिसातला तो आवाज, खरं काढून घेणारा. मी तोंड उघडलं आणि आतून आलं, "नाही. ती विकायची नाही." पॅस्को म्हणाला, "अहो, मग मला थंडीत इथवर कशाला बोलावलंत?" मी म्हटलं, "आई शप्पथ सांगते, मलाही आत्ताच कळलं." तो क्षणभर रागावला, मग त्यालाही हसू आलं. मी त्याला स्कोनची पिशवी आणि प्लमच्या मुरांब्याची बरणी दिली. गाडीत बसताना तो म्हणाला, "त्या डावखुऱ्याला सांगा, एवढं बारीक माप घेऊन मला कोणी कोटसुद्धा शिवलेला नाही."

सगळे गेल्यावर मी एकटीनं तो साचा वापरून बघितला. उजव्या हातानं काही जमत नाही. बाही जळली, आणि गोळ्या सगळ्या सुरकुतलेल्या पडल्या. परत भांड्यात टाकल्या. श्यूल्त्झ परत घेणार नाही, मर्व्हला नको, पॅस्कोला नको, माझ्या हाताला उलटा पडतो. या सगळ्या जगात तो एकाच माणसाच्या हाताला बसतो आणि तो माणूस समुद्रकाठी मुलीच्या अंगणात सावलीला बसलाय. आज रविवार म्हणून मी मटण भाजायला लावलं, आणि सवयीनं तुझ्याही वाटचे बटाटे सोलले. दर रविवारी सोलते. मग सोमवारी तेच खाते. हे तुला कधी लिहिलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. बंदूक विकली नाही हे सांगायला मला दोन ओळी पुरल्या असत्या. नेव्हिल, मला तू इथे हवा आहेस, आणि शेजारी म्हणून नाही. घर विकायचं तर सप्टेंबरात खुशाल विक, माझ्या घरात जागा आहे, शेडमध्ये भट्टीलाही आहे. जेनिनकडे वर्षातून एकदा आपण दोघं जाऊ, मी तिच्यासाठी मुरांबा नेईन. त्या दिवशी मी नळ बंद करून थांबले होते आणि तू भलतंच विचारलंस. आता मीच विचारते: माझ्याशी लग्न करशील का? पितळी नको, बिडाचं नको, वजनाचं काय, नाकाचं काय, काही नको. हो किंवा नाही, एवढंच कळव. याला कॅलिपर लागत नाही.

तुझीच (नीट मोजून लिहिते आहे),
ग्लेनिस